रविवारचे आकडे

१२ सप्टेंबर

दादा,

येऊन बारा दिवस झाले. जिवंत आहे. पक्का रस्ता संपतो तिथून गाडी आणखी दोन तास चढते, आणि जिथे ती हात टेकते तिथे आमचं केंद्र. तीन खोल्या, एक जनरेटर आणि अंगणात उंच पायांवर उभी केलेली एक पांढरी, झडपांची पेटी. पेटीत तापमापक. माणसांनी इथे राहायचं ते त्या पेटीसाठी. दर तीन तासांनी कुणीतरी बाहेर जायचं, पेटी उघडून तापमान वाचायचं, वारा, ढग, बर्फ बघायचं, वहीत लिहायचं आणि वायरलेसवरून खाली कळवायचं. पहाटे पाचला, मग आठला, मग अकराला. वाचन झालं की पुढच्या वाचनाची वाट बघायची. तुला वाटतं तेवढं शूरवीराचं काम नाही हे.

आम्ही तिघं आहोत. मी, मेकॅनिक (स्वयंपाकही तोच करतो, दोन्हीकडे एकच पाना वापरत असावा) आणि केंद्रप्रमुख. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "वाचन चुकलं तर जागा रिकामी सोडा. अंदाजाने भरू नका. रिकाम्या जागेसाठी ओरडा खाल, भरलेल्या जागेसाठी घरी जाल." ओळख-बिळख नंतर.

फोनला इथे रेंज नाही. वायरलेस फक्त आकड्यांसाठी. सामानाची गाडी दर तीन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी येते आणि रविवारी सकाळी आठला परत जाते. टपाल तिच्यातूनच. म्हणजे तुझं पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला मला एक रात्र मिळणार.

आपलं ठरलंय ते पुन्हा लिहिते, कारण तू विसरभोळा नाहीस, पण सोयीने विसरतोस. मी मे अखेरपर्यंत इथे टिकले तर हवामानाचा अंदाज वर्तवणाऱ्यांच्या वर्गात मला थेट जागा आहे. मध्येच उतरले तर पुन्हा कधी बोलावणार नाहीत. हे नऊ महिने बाबांजवळ तू राहायचंस. गेल्या वर्षी ते स्वयंपाकघरात पडले तेव्हा आपण दोघंही बाहेर होतो आणि ते चाळीस मिनिटं फरशीवर होते. ती चाळीस मिनिटं मला अजून पाठ आहेत.

म्हणून तुझं ते "बरं आहे" मला नको. रोज सकाळी त्यांचं बीपी मोज आणि मला आकडे पाठव. वरचा आणि खालचा, दोन्ही.

आणि तू विचारशीलच, म्हणून सांगते. त्याने स्टँडवर येऊन सांगितलं की लग्नासाठी नऊ महिने वाट बघणं त्याला जमणार नाही. सरळ बोलला बिचारा. मला रागसुद्धा आला नाही. गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, एवढंच.

तुझी,
भिंगरी

—

२४ सप्टेंबर

हवामानखात्याच्या महाराणींना दादाचा मुजरा!

आकडे मागितलेस, घे आकडे. सोमवार १४८/९१. मंगळवार १५५/९७ (वीजबिलाच्या रांगेत कुणाशी तरी भांडून आले होते, विजयी मुद्रेने). बुधवार १३९/८८. गुरुवार १६२/९९ (भांडणातला मुद्दा रात्रभर आठवत राहिले म्हणे). पट्टा बांधताना बाबा असा चेहरा करतात की जणू मी त्यांना अटक करतोय.

तुझं पत्र त्यांनी टेबलावर माझ्यासाठी ठेवलं होतं, बंद. मी म्हटलं, अहो तुमचीच पोरगी आहे, उघडायचं होतं. तर म्हणाले, "पाकिटावर तुझं नाव आहे." पोस्टातून निवृत्त झाले तरी पोस्ट काही त्यांच्यातून निवृत्त होत नाही.

स्टँडवरच्या त्या गृहस्थाबद्दल मी काही बोलणार नाही. त्याच्या चपलेचं माप सात होतं. सात मापाच्या माणसाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

कारखान्याची एक बातमी. सहा तासांच्या अंतरावर नवी शाखा निघतेय आणि तिथे नमुने काढायला माणूस हवाय. मला विचारलं. तुला माहितीये, मी आठ वर्षं दुसऱ्याने काढलेल्या नमुन्यावर कातडं कापतोय. नमुना काढणारा म्हणजे पायाच्या लाकडी साच्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर रेघा मारतो, मग ती पट्टी सोलून कागदावर सपाट करतो, आणि त्यातून बूट जन्माला येतो. साहेबांनी विचारलं तेव्हा मी तो साचा दोनदा हातात घेऊन बघितला. पण नाही म्हणून सांगितलं. तू तिकडे निवांत ढग मोज.

तुझा,
दादा

—

२४ ऑक्टोबर

दादा,

मागच्या वेळी चारच ओळी लिहिल्या, कारण ताप होता. त्या तापाची गोष्ट आता सांगते. बाबांना सांगू नकोस.

त्या आठवड्यात दुपारी दोनचं वाचन माझ्याकडे होतं. दीड वाजता अंग तापलं म्हणून जरा आडवी झाले आणि डोळा लागला, तो थेट साडेतीनला उघडला. मास्तर वायरलेसच्या बिघाडात अडकले होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. अकराचं तापमान होतं ४.१. पाचला मी बाहेर जाऊन वाचलं, २.७. मधल्या जागेत लिहून टाकलं, ३.४.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वही उघडली आणि त्या एकाच आकड्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाले, "खरा आकडा असा शहाण्यासारखा वागत नाही. हा दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसलाय. बनवलेले आकडे नेहमी सभ्य असतात." मग भिंतीवरच्या यंत्राचा कागद दाखवला, ज्यावर पेन दिवसभर आपोआप रेघ ओढत असतं. दोन वाजता वारा फिरला होता आणि तापमान उणे एकवर गेलं होतं. माझा आकडा जवळजवळ साडेचार अंशांनी खोटा.

त्यांनी खाली कळवलं नाही. माझ्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी 'वाचन नाही' असं लिहून सही केली आणि म्हणाले, "रिकामी जागाही खरं सांगते. त्या वेळी इथे कुणी नव्हतं, एवढं तरी कळतं." मी रडले. बऱ्याच गोष्टींचं एकदम रडून घेतलं. केस कापले, मैत्रिणीचं लग्न चुकलं, डाव्या करंगळीचं टोक थंडीने बधिर झालंय ते अजून जागं होत नाही. हिशोब मांडत नाहीये, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आणि तू त्या शाखेला नाही म्हणालास, ते मी चार वेळा वाचलं. ते तू माझ्यासाठी सोडलंस. मी मे महिन्यात खाली आले की तू लगेच निघायचंस, मी स्वतः तुझी बॅग भरीन.

तुझी,
भिंगरी

—

८ नोव्हेंबर

भिंगरे,

करंगळीला तेल लाव, कोमट. मास्तर माणूस भारी दिसतोय, पण नजर भीतीदायक. अशा माणसापुढे मी तर माझं वयसुद्धा सांगणार नाही.

बाबा ठणठणीत. दोन आठवड्यांचे आकडे एकदम देतो.

सोम १४२/८८, मंगळ १४४/९०, बुध १४३/८९, गुरु १४५/९०, शुक्र १४३/८८, शनि १४४/८९, रवि १६१/९७.

सोम १४३/८९, मंगळ १४५/९०, बुध १४४/८८, गुरु १४२/८९, शुक्र १४४/९०, शनि १४३/८८, रवि १३७/८५.

बॅगेची घाई नको. तुझं तू नीट कर. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

दादा

—

२९ नोव्हेंबर

भिंगरे,

सोम १४४/८९, मंगळ १४३/९०, बुध १४५/८९, गुरु १४३/८८, शुक्र १४४/९०, शनि १४२/८९, रवि १५८/९४.

सगळं ठीक. थंडीत जपून.

दादा

—

५ डिसेंबर

दादा,

हे पत्र तू रविवारी वाचशील. त्याआधी वाचू शकणार नाहीस, कारण त्याआधी तू घरी नसतोस.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. सोमवार ते शनिवार बाबांचं बीपी १४२ आणि १४५ यांच्यामध्ये हाताची घडी घालून बसलंय. अठरा दिवसांत एकदाही बाहेर पडलं नाही. बाबांचं बीपी! ज्यांचं बीपी वीजबिलाने चढतं! आणि रविवार आला की १६१, मग १३७, मग १५८. रविवारचे आकडे खरे आहेत. रविवारी तू पट्टा बांधतोस. बाकी सहा दिवसांचे तू बसून बनवलेस, आणि माझ्या भीतीने इतके सभ्य बनवलेस की मास्तरांना दाखवायचीही गरज पडली नाही. बनवलेला आकडा कसा ओळखायचा ते मीच तुला लिहून पाठवलं होतं, निदान ते तरी वाचायचंस.

पाकिटावर शिक्का आपल्याच पोस्टाचा, पण दोन्ही वेळा सोमवारचा. म्हणजे रविवारी संध्याकाळी पेटीत टाकतोस आणि जातोस.

कुठे जातोस ते मला माहीत आहे. तुझ्या तोंडून हवंय.

बाबा सहा दिवस एकटे आहेत का? एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दे. विनोद नको.

भिंगरी

—

१३ डिसेंबर

भिंगरी,

हो. एकटे आहेत. समोरच्या काकू सकाळी एक चक्कर मारतात, आणि मी रोज रात्री फोन करतो. पण एकटेच.

पहिल्यांदा नाही म्हणालो होतो ते खरं होतं. मग साहेबांनी ऑक्टोबरात पत्राने पुन्हा विचारलं, आणि सांगितलं की तिसऱ्यांदा विचारणार नाही. मला एकोणतीस पूर्ण झाली. माझ्याबरोबर लागलेला पोरगा नमुने काढतो आणि मी त्याच्या रेघेवरून सुरी फिरवतो. तू गेल्यावर घर फार शांत झालं, आणि त्या शांततेत मला माझंच ऐकू यायला लागलं. मी बाबांना सांगायलाही गेलो नव्हतो. ते पत्र बाबांनी माझ्या हातात दिलं तेव्हा पाकिटावर कारखान्याचा छाप होता, आणि त्यांनी माझं तोंड बघितलं.

शनिवारी शिफ्ट संपली की बसमध्ये बसतो, रविवारी संध्याकाळी परत. तिथे खोलीत चार जण आहोत, माझी खाट दाराजवळ आहे. पहिला नमुना पास झाला. लहान मुलाचा बूट होता, माप नऊ. तुला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. ते सगळ्यात वाईट होतं.

आकडे बसमध्ये बनवायचो. चूक झाली. तू सांगशील तर उद्या राजीनामा देतो आणि घरी येतो. शपथ. तू म्हणशील तसं.

दादा

—

१३ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाने तुझं पत्र वाचून तोंड पाडलं, तेव्हा मी विचारलं आणि त्याने सांगितलं. तुझं पत्र मी वाचलेलं नाही. छत्तीस वर्षं हातावरून पत्रं गेली, दुसऱ्याचं एकही उघडलं नाही. आता या वयात सवय बिघडवायची नाही.

त्याला जा असं मीच सांगितलं. तुला कळवू नको हेही मीच सांगितलं, कारण तू उतरून आली असतीस. खोटे आकडे पाठव असं मात्र सांगितलं नव्हतं. ती अक्कल त्याची.

मी सांभाळायला ठेवलेली वस्तू नाही. दोन पोरं आहेत, दोघांनाही एकाच वर्षी दार उघडलं. मी आडवा पडलो म्हणून एक दार बंद झालं असं मला मरताना आठवायला नको आहे. बीपीचं मशीन कपाटात आहे. तो आला की काढतो, गेला की ठेवतो, एवढा माझाही दोष.

तब्येतीस जपावे.

तुझे,
बाबा

—

२६ डिसेंबर

ति. बाबांस शि. सा. नमस्कार.

मी फार चिडले आहे. तुमच्यावर, दादावर आणि त्याहून जास्त माझ्यावर. कारण तुमचं पत्र वाचून मला आधी हायसं वाटलं, आणि चिडायचं मागाहून सुचलं.

दादाने मला विचारलंय, येऊ का परत? मी उतरून येणार आहे का? नाही. मग त्याला ये म्हणायचं तोंड मला कुठून असणार? त्याला सांगा, राहा तिथेच. मी वेगळं लिहिणार नाही, लिहिलं तर जास्त बोलेन.

पण आजपासून मशीन कपाटात जाणार नाही. रोज सकाळी तुम्ही स्वतः पट्टा बांधा, उजव्या हाताने ओढून घ्या, बटण दाबा आणि वहीत लिहा. महिन्याची वही एक प्रत मला, एक दादाला. एक नियम पाळा. मोजलं नाही तर जागा रिकामी सोडा. आम्हाला बरं वाटावं म्हणून काही भरू नका. तुम्ही पत्र उघडत नाही, तसंच हे.

तुमची,
भिंगरी

—

१४ मार्च

चि. भिंगरीस व चि. दादास अनेक आशीर्वाद. (दोघांस एकच मजकूर. कार्बन घालून लिहिले आहे, अक्षर फिके वाटल्यास रागावू नये.)

जानेवारी व फेब्रुवारीच्या वह्या पोहोचल्याचे कळले. मार्चचे पुढीलप्रमाणे.

१, सोमवार: १५१/९२
२, मंगळवार: १४७/९३
३, बुधवार:
४, गुरुवार:
५, शुक्रवार:
६, शनिवार:
७, रविवार: १६६/९९
८ ते १३: १५८/९६, १४९/९१, १५४/९५, १४१/८८, १५९/९४, १५०/९२

चार जागा रिकाम्या का, ते कळवतो. बुधवारी सकाळी न्हाणीघरात पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. समोरच्या काकू आल्या, त्यांनी माणसं बोलावली आणि इस्पितळात नेलं. तिथे ते दिवसातून चार वेळा बीपी मोजत, पण ते आकडे त्यांचे. मी मोजले नाहीत, म्हणून लिहिले नाहीत. काकूंना फोन करू दिला नाही. दादाचा मार्चात माल निघायचा आहे, तीन रविवार यायला जमणार नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं. त्याचे रोजचे फोन मी इस्पितळातून घेतले आणि "बरं आहे" म्हणालो. तो आकडा नव्हता, त्यामुळे नियम मोडला असं मी समजत नाही.

न्हाणीघरात किती वेळ पडून होतो ते सांगता येत नाही. तिथून घड्याळ दिसत नाही. तीही जागा रिकामी समजावी.

प्लास्टर महिनाभर आहे. हे डाव्या हाताने लिहीत आहे, एवढ्यासाठी दोन दिवस गेले. कुणीही येऊ नये.

बाबा

—

२१ मार्च, सकाळ

दादा,

काल संध्याकाळी गाडी आली. तुलाही ते पत्र मिळालं असेल. तू आत्ता कारखान्यात आहेस की बसमध्ये, मला माहीत नाही. तुझं कळेल ते पुढच्या गाडीला, म्हणजे तीन आठवड्यांनी.

त्या वेळची चाळीस मिनिटं मला पाठ होती. या वेळी पाठ करायला काही नाही. त्यांचं ते डाव्या हाताचं अक्षर बघून मी वाचायचं सोडून नुसतीच बघत बसले होते. शाळेतल्या पोरासारखं अक्षर, आणि रकाने मात्र पट्टीने आखलेले.

आज पाचचं वाचन घेऊन आले आणि बॅग भरली. दहा मिनिटांत भरली, सामान आहेच किती. मास्तरांनी बघितलं. मेकॅनिकने वाटेत खायला म्हणून डबा बांधून ठेवला. मी बॅगेवर बसून राहिले. मग ती पुन्हा रिकामी केली.

"कुणीही येऊ नये" असं त्यांनी लिहिलंय म्हणून नव्हे. त्या वाक्याच्या मागे मी लपणार नाही, तूही लपू नकोस. मला ती जागा हवी आहे. बहात्तर दिवस उरलेत आणि मला ती हवी आहे. बाबा न्हाणीघरात पडले होते हे वाचल्यावरसुद्धा हवी आहे. याची मला लाज वाटते, दादा. फार लाज वाटते. आणि तरी मी इथेच आहे.

तुला काही सांगायचा मला हक्क नाही. गेलास तर बरं होईल, नाही गेलास तर मी विचारणार नाही. फक्त मला आकडे बनवून पाठवू नकोस. त्या चार रिकाम्या जागांपैकी दोन माझ्या, दोन तुझ्या. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं.

डबा ड्रायव्हरला दिला. हे पत्रही त्याच्याकडेच देते. गाडी आठला सुटते. आठचं वाचन माझं आहे.

भिंगरी